‘गेला’ कोठून आला?

माघ महिना लागला की कोल्हापुरात रविवारची पहाट लवकर उजाडते. चार-साडेचार वाजल्यापासून पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाकडे माणसांची रीघ लागते. कुणी अनवाणी, कुणाच्या खांद्याला झोळी, कुणाच्या कडेवर अर्धवट झोपेतले पोर. सगळे निघालेले असतात जोतिबाच्या डोंगराला. वडणगे, निगवे, कुशिरे ही गावे मागे टाकायची, गायमुखाच्या बाजूने डोंगर चढायचा आणि वाडी रत्नागिरीच्या देवळात पोहोचायचे. यालाच जोतिबाचे खेटे म्हणतात. चैत्र पौर्णिमेची यात्रा, त्या उंच सासनकाठ्या आणि गुलालाने लाल झालेला डोंगर हे सर्वांच्या ऐकिवात असते. खेट्यांचा तसा गाजावाजा नाही. ते कोल्हापूरकरांचे घरचे चालणे आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी आम्ही नववीच्या मुलांबरोबर खेट्याला गेलो होतो. त्याला कारण झाले होते आदल्या आठवड्यातले इंग्रजीचे एक वाक्य. ‘मागच्या रविवारी तुम्ही काय केले’ यावर पाच वाक्ये लिहायला सांगितली होती. एका मुलाने वाचून दाखवले, “आय गोड टु जोतिबा.” स्पेलिंग होते जी-ओ-ई-डी. वर्ग खो खो हसला. कुणी तरी म्हणाले, “जोतिबाला गोड!” आम्हीही हसलो, आणि लाल शाईने ‘गोड’वर काट मारून वर ‘वेंट’ लिहिले. मुलाने उभे राहून विचारले, “सर, वॉकचं वॉक्ड, जंपचं जंप्ड, मग गोचं गोड का न्हाई? हे वेंट कुठनं आलं?” आम्ही उत्तर दिले, “ते पाठ करायचे असते.”

हे उत्तर आम्हांला आमच्या शिक्षकांनी दिले होते आणि त्यांना त्यांच्या शिक्षकांनी दिले असणार. पण त्या दिवशी ते घशात अडकले. मुलाने नियम बरोबर ओळखला होता, तो न शिकवलेल्या ठिकाणी लावूनही पाहिला होता, आणि त्याबद्दल आम्ही त्याला वर्गासमोर हसून घेतले होते. विज्ञानाच्या तासाला असेच कुणी केले असते तर आम्ही त्याची पाठ थोपटली असती. घरी येऊन कोश उघडले. त्यात जे सापडले ते रविवारी चालता चालता मुलांना सांगितले. तेच येथे थोडी भर घालून मांडत आहोत.

‘वेंट’ हे मुळात ‘गो’चे रूपच नाही. ते ‘वेंड’ नावाच्या एका वेगळ्या, आता जवळजवळ विसरल्या गेलेल्या क्रियापदाचा भूतकाळ आहे. इंग्रजीत सेंडचे सेंट होते, बेंडचे बेंट, लेंडचे लेंट, स्पेंडचे स्पेंट. त्याच रांगेत वेंडचे वेंट. म्हणजे ‘वेंट’मध्ये अनियमित असे काहीच नाही. ते अगदी शिस्तीचे रूप आहे, फक्त दुसऱ्याच्या घरात राहायला आलेले.

या ‘वेंड’चा मूळ अर्थ जाणे असा नव्हता. जुन्या इंग्रजीत ‘वेन्दन’ म्हणजे वळवणे. ‘वाइंड’ म्हणजे वळणे, गुंडाळले जाणे, आणि त्याचे प्रयोजक रूप ‘वेंड’. मराठीत आपण बसणे–बसवणे, वळणे–वळवणे अशा जोड्या करतो. इंग्रजीतही पूर्वी आतला स्वर बदलून तशा जोड्या होत. सिट आणि सेट ही त्यांतलीच एक, फॉल आणि ‘झाड पाडणे’ या अर्थाचे फेल ही दुसरी. तर वळवणे, मग आपले तोंड अमुक दिशेला वळवणे, मग पावले वळवणे, आणि अखेर नुसतेच जाणे, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. आपल्याकडेही ‘संध्याकाळी सगळे घराकडे वळले’ असे म्हणताना वळण्यापेक्षा जाणेच मनात असते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने ‘कँटरबरी कथा’ लिहिल्या. 1170 साली ज्याची हत्या झाली त्या थॉमस बेकेट या धर्मगुरूच्या समाधीला निघालेल्या यात्रेकरूंच्या त्या गोष्टी. त्यांच्या प्रस्तावनेत हे यात्रेकरू कँटरबरीला ‘जातात’ हे सांगायला चॉसरने हेच क्रियापद वापरले आहे. आमच्या पुढेमागे झोळ्या घेतलेली माणसे चालत होती. मुलांना हे ऐकून गंमत वाटली की आपल्या पुस्तकातले कंटाळवाणे ‘वेंट’ एका काळी विलायतेतल्या खेटेकऱ्यांसाठीही वापरात होते.

मग ‘गो’चा स्वतःचा भूतकाळ कुठे गेला? तोही मुळात परकाच होता. जुन्या इंग्रजीत ‘तो गेला’साठी ‘एओदे’ असे रूप होते, आणि त्याचा धातू ‘गो’हून निराळा होता. पुढे ते झिजले. ऐकणाऱ्याला ओळखू येईना तेव्हा, पंधराव्या शतकाच्या सुमारास, इंग्लंडच्या दक्षिण भागात ‘वेंट’ने त्याची जागा घेतली. स्कॉटलंडकडे मात्र वेगळे घडले. तिथल्या बोलीत ‘गो’लाच नेहमीचा प्रत्यय लावून ‘गेड’ असे रूप रूढ झाले. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचे ‘गोड’ चुकले होते ते लंडनच्या हिशेबाने. स्कॉटलंडच्या खेड्यात त्याच्या पद्धतीला कुणी हसले नसते.

निगवे मागे पडले तेव्हा नीट उजाडले होते. दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि एका गुऱ्हाळाचा गोड धूर रस्त्यावर आला होता. (‘गोड’ म्हणताच मुले पुन्हा हसली.) त्या मुलाला आम्ही विचारले, “इंग्रजीचे राहू दे. ‘चालणे’चे चालला, ‘बसणे’चे बसला, ‘पळणे’चे पळाला. मग ‘जाणे’चे?” तो म्हणाला, “गेला.” आणि थबकला. “‘जा’चा ‘गे’ कसा झाला?”

हा प्रश्न आपण मराठी माणसे कधी विचारत नाही, कारण ‘गेला’ आपण आईच्या मांडीवर शिकलो. पण इथेही तीच गोष्ट आहे. दोन धातूंनी मिळून एक संसार थाटला आहे. संस्कृतात ‘या’ हा एक धातू, याति म्हणजे जातो. ‘गम्’ हा दुसरा, गच्छति म्हणजे जातो. दोघांचीही सगळी रूपे होत असत. प्राकृतात शब्दाच्या आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, म्हणून याति पुढे ‘जाइ’ झाले आणि त्यातून आपले ‘जातो, जाणे’ आले. भूतकाळासाठी मात्र लोकांनी ‘या’चे ‘यात’ हे रूप टाकले आणि ‘गम्’चे ‘गत’ घेतले. गत झिजून ‘गय’ झाले, त्याला ‘इल्ल’ हा प्राकृत प्रत्यय लागला, आणि तयार झाला ‘गेला’. याच वाटेने ‘कृत’पासून केला आणि ‘मृत’पासून मेला हे शब्द आले. म्हणून तर करणे आणि मरणे यांचा ‘र’ भूतकाळात नाहीसा होतो. लहान मूल ‘मी करलं’ म्हणते तेव्हा ते चुकत नसते, आपल्या भाषेला नीट करत असते. आई त्याला ‘केलं’ म्हणायला शिकवते, आणि शिकवलेच पाहिजे. पण ती रागावत नाही, आणि हसली तरी कौतुकाने हसते. इंग्रजीच्या तासाला आपण एवढेही करत नाही.

अशा दुसऱ्या धातूकडून उसन्या घेतलेल्या रूपांना भाषाशास्त्रात पूरक रूपे म्हणतात. हिंदीत जाना–गया, गुजरातीत जवुं–गयो, तीच जोडी. आपल्या शेजारच्या कोकणीची तऱ्हा आणखी मजेशीर आहे. तिथे जाणे म्हणजे ‘वचप’, आणि तो शब्द संस्कृतातल्या ‘व्रज्’ या तिसऱ्याच धातूपासून आला आहे. भूतकाळ मात्र ‘गेलो’. म्हणजे मराठी आणि कोकणी या बहिणींचे ‘आज’ वेगळे आणि ‘काल’ एकच! फ्रेंचांनी तर तीन घरे एकत्र केली आहेत. ‘मी जातो’ एका धातूपासून, ‘मी जाईन’ दुसऱ्यापासून आणि नुसते ‘जाणे’ तिसऱ्यापासून. सासनकाठ्या घेऊन कर्नाटकातूनही लोक जोतिबाला येतात. त्यांच्या कन्नडमध्ये जाणे म्हणजे ‘होगु’ आणि गेला म्हणजे ‘होद’. धातू एकच. तेव्हा ही खोड सगळ्याच भाषांना असते असे नाही.

आता मुख्य प्रश्न. भाषा इतकी रूपे नियमात बसवते, तर नेमकी हीच का सोडते? नव्या क्रियापदांना ही मुभा कधीच मिळत नाही. ‘फोनणे’ असे क्रियापद उद्या कुणी केले तर त्याचा भूतकाळ ‘फोनला’च होणार. अनियमितपणा सापडतो तो असणे, होणे, जाणे, येणे, करणे अशा रोजच्या, घासून गुळगुळीत झालेल्या क्रियापदांत. इंग्रजीतही तेच.

याचे कारण वापरात आहे. जे रूप आपण दिवसातून शंभर वेळा ऐकतो ते जसेच्या तसे लक्षात राहते, त्याला नियमाची गरज पडत नाही. जे वर्षातून दोनदा कानावर पडते ते ऐन वेळी आठवत नाही, आणि मग माणूस नियम लावून काम भागवतो. पुरेशा लोकांनी पुरेशा पिढ्या असे केले की नियमाचे रूपच शुद्ध ठरते. इंग्रजीत ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता. आज हेल्प्डला कुणी चूक म्हणत नाही.

ही नुसती अटकळ नाही, मोजून पाहिलेली गोष्ट आहे. 2007 साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे घेतली आणि ती पुढे काय झाली हे तपासले. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली 145 अनियमित राहिली होती. आजच्या इंग्रजीत 98 उरली आहेत. बाकीची नियमाला शरण गेली, आणि कोणती आधी गेली हे बरेचसे वापरावर ठरले. एखादे क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभर पट कमी वापरात असेल तर ते सुमारे दहा पट वेगाने नियमित होते, असा त्यांचा हिशेब आहे. वर्गमुळाचे नाते असे भाषेत सापडावे हे पाहून गणिताच्या शिक्षकांनाही बरे वाटेल. किरणोत्सारी पदार्थांप्रमाणे क्रियापदांचाही अर्धायुःकाल काढता येतो असे या मंडळींनी दाखवले.

आपल्या ‘वेंड’चेच पाहा. ‘वेंट’ हे रूप ‘गो’च्या पदरी गेल्यावर त्याला स्वतःसाठी नवा भूतकाळ करावा लागला. तोवर त्याचा वापर रोडावला होता, त्यामुळे नवे रूप झाले ते नियमाचे, ‘वेंडेड’. दोन भावांपैकी जो गर्दीत राहिला तो वाकडाच राहिला, आणि जो एकटा पडला तो सरळ झाला.

वर्गात हे करून पाहता येईल. मराठीच्या पुस्तकातला कोणताही गोष्टीचा धडा घ्यावा. पाच-पाच मुलांच्या गटाला एक-एक पान द्यावे आणि भूतकाळी क्रियापदे मोजायला सांगावे. कोणते किती वेळा आले आणि त्यांतले नियमाबाहेरचे कोणते, असे दोन रकाने करावेत. फळ्यावर एकत्र मांडल्यावर नियमाबाहेरची क्रियापदे यादीच्या वरच्या टोकाला जमलेली दिसतात. तालिका करणे, वारंवारता काढणे, अपवाद शोधणे हे सगळे यात आपोआप होते, आणि लागते फक्त पुस्तक.

कुशिऱ्यापुढे चढ लागला की बोलणे कमी होते. वाट वळणे घेत वर चढते, म्हणून तिथे आम्हांला ‘वाट’ हाच शब्द सुचला. ‘वेंड’सारखी वळण्याची कल्पना आपल्याही शब्दात लपली आहे. संस्कृतात वृत् म्हणजे वळणे, फिरणे. त्यापासून वर्त्मन्, म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली चाकोरी, रस्ता. वर्त्मन्‌चे प्राकृतात झाले ‘वट्ट’ आणि मराठीत ‘वाट’. त्याच धातूपासून वर्तुळ, आणि वर्तुळाचेच झिजलेले भावंड वाटोळे. वाट आणि वाटोळे यांचे नाते असे जुने आहे हे ऐकून मुलांनी ज्या कोट्या केल्या त्या येथे देत नाही. इंग्रजीत होमवर्ड, फॉरवर्ड या शब्दांच्या शेवटी जो ‘वर्ड’ आहे तोही याच कुळातला. होमवर्ड म्हणजे घराकडे वळलेला.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण शब्दांची नाती जुळवण्याचा नाद लागला की माणूस पुढे भरकटतो. एका मुलाने लगेच सांगितले, “सर, गो म्हणजे आपलं गम्!” दिसायला फार छान. आम्हीही कधी तरी वर्गात असे सांगितल्याचे आठवते. पण ते चूक आहे, आणि चूक का आहे हे पाहण्यासारखे आहे.

संस्कृत आणि इंग्रजी या दूरच्या बहिणी. त्यांच्यातले ध्वनी ठरावीक रीतीने बदलले आहेत. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 1822 साली हे बदल नियम म्हणून मांडले. त्यांतला एक असा की संस्कृतात जिथे मुळातला ‘ग’ टिकला आहे तिथे इंग्रजीत ‘क’ यायला हवा. संस्कृत गौः, इंग्रजी काउ. हे बसले. मग ‘गम्’चे इंग्रजी रूप ‘क’ने सुरू झाले पाहिजे, ‘ग’ने नव्हे. असा शब्द आहे का? आहे. ‘कम’! आपला ‘गेला’ ज्या ‘गम्’मधून आला, त्याचाच इंग्रजी भाऊ ‘कम’ म्हणजे येणे. एकाच मूळ धातूचा अर्थ इकडे जाणे झाला आणि तिकडे येणे. ‘गो’ आणि ‘गम्’ सारखे वाटतात म्हणूनच ते नातेवाईक नाहीत. इतक्या हजार वर्षांनंतर ते इतके सारखे राहिलेच नसते.

अशी फसगत मोठमोठ्यांची झाली आहे. इंग्रजीत रमतगमत फिरण्याला ‘सॉन्टर’ म्हणतात. अमेरिकन लेखक थोरो याच्या ‘वॉकिंग’ या निबंधात, तो 1862 साली प्रसिद्ध झाला, या शब्दाची सुंदर कथा आहे. पवित्र भूमीला, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘सेंत तेर’ला निघालो आहोत असे सांगून भटकणाऱ्यांवरून हा शब्द आला, अशी. कोशकारांनी ती मानलेली नाही. आमच्याही एका विद्यार्थिनीने वाटेत असाच शोध लावला, की गर्दीत एकमेकांना खेटून चालायचे म्हणून ते खेटे. तिला आम्ही एवढेच म्हटले की ऐकायला छान लागते हा पुरावा नव्हे. जुन्या लिखाणात तो शब्द कोणत्या अर्थाने आला आहे हे शोधावे लागेल.

मात्र ‘खेटे’चा आजचा अर्थ पाहण्यासारखा आहे. जोतिबाचे खेटे आपण आनंदाने घालतो. पण ‘दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालतोय’ म्हटले की त्यात वैताग असतो. पुन्हा पुन्हा जाणे आणि यावे लागणे यातून त्रासाचा अर्थ उगवतो. याचे आणखी मोठे उदाहरण म्हणजे ‘यातायात’. यात आणि आयात, म्हणजे गेलेले आणि आलेले, एवढाच त्याचा संस्कृत अर्थ. हिंदीत आजही यातायात म्हणजे रस्त्यावरची रहदारी. मराठीत मात्र ‘काय ही यातायात!’ म्हणजे दगदग, हाल. दोन शेजारी भाषांनी एकच शब्द घेतला. एकीने चालणे ठेवले, दुसरीने पायदुखी.

आणि इंग्रजी ‘ट्रॅव्हल’ नेमका उलट दिशेने आला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कष्ट, यातना. त्याचे मूळ लॅटिनमध्ये छळासाठी वापरत असलेल्या तीन खुंटांच्या साधनाच्या नावात आहे, असे बहुतेक कोशकार मानतात. प्रवास इतका त्रासाचा होता, की इंग्लंडात कष्टाचा शब्दच प्रवासाचा झाला. फ्रेंचमध्ये तो आजही ‘काम’ या अर्थाने वापरतात. आपण प्रवासाचा त्रास केला, इंग्रजांनी त्रासाचा प्रवास केला.

प्रवासासाठीचा आणखी एक जुना इंग्रजी शब्द ‘फेअर’. तोही आता एकटा फारसा भेटत नाही, पण त्याची मुले खूप आहेत. बसचे भाडे ते फेअर. कल्याण ते वेल्फेअर, म्हणजे मुळात चांगले जाणे, नीट चालणे. निरोप तो फेअरवेल, म्हणजे ‘नीट जा’. संस्कृतातले पार, पलीकडचा काठ, आणि पारयति म्हणजे पलीकडे नेतो, हे त्याचे सगेसोयरे. परीक्षेनंतर इंग्रज विचारतो, ‘हाऊ डिड यू फेअर?’ शब्दशः, तू कसा गेलास? हे आपल्याला विचित्र वाटायचे कारण नाही. आपणही विचारतोच की, ‘पेपर कसा गेला?’

देवळाजवळ पोहोचलो तेव्हा सात-आठ मुलांचे गट गुलालाने माखून परत उतरत होते. ‘चांगभलं’चा गजर चालू होता. तोही साधासुधा शब्द आहे, चांगले आणि भले. मुख्य देऊळ राणोजी शिंदे यांनी 1730 साली बांधले. दर्शनाच्या रांगेत वेळ होता म्हणून ‘या’ धातूचे उरलेले कुटुंब मोजायला घेतले. जाणे तर आलेच. मग यात्रा, आणि तिचीच लोकांच्या तोंडी रुळलेली ‘जत्रा’. योगीचा जोगी झाला, यवाचे जव झाले, यंत्राचे दळायचे जाते झाले, त्याच नियमाने हा ‘य’चा ‘ज’. उत्तराखंडात नंदादेवीच्या यात्रेला तर ‘राजजात’च म्हणतात. पुढे प्रयाण, आयात, निर्यात. एक मुलगी म्हणाली, “यान.” बरोबर. ज्याने जायचे ते यान. म्हणजे 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर उतरले ते चांद्रयान आणि जोतिबाची जत्रा ही एकाच धातूची लेकरे. (हे उदाहरण अर्थातच आमच्या त्या खेट्याच्या वेळचे नव्हे. तेव्हा ती अंतराळयान म्हणाली होती. आता आम्ही हेच देतो.)

खेटे का घालतात याचीही एक लोककथा आहे. असुरांचा नाश करून जोतिबा उत्तरेला केदारनाथाकडे परत निघाला. तो जाऊ नये म्हणून कोल्हापूरची अंबाबाई पायी चालत त्याला विनवायला आली. तो थांबला. तेव्हापासून लोक तसे चालत येतात असे सांगतात.

उतरायच्या आधी आम्ही एका आजींच्या दुकानात खोबरे आणि गुलाल घेतला. पैसे देऊन तो ‘गोड’वाला मुलगा म्हणाला, “आजी, जातो आम्ही.” आजी पटकन म्हणाल्या, “जातो म्हणू नगं लेकरा, येतो म्हणावं.” मराठी घरात हे सगळ्यांनी ऐकलेले असते. ‘गेला’ म्हणजे वारला असाही अर्थ होतो, म्हणून निघताना तो धातूच तोंडी येऊ द्यायचा नाही.

मुलगा “येतो, आजी” म्हणाला, चार पायऱ्या उतरला, आणि थांबला. “सर, ‘येणे’चं मग ‘येला’ का नाही? ‘आला’ कसं?”

आम्ही सांगितले की येणे आले ‘आ’ आणि ‘इ’ यांच्या ‘एति’पासून, आणि आला हे आगत या शब्दापासून. आ अधिक गत. म्हणजे ‘गेला’ आणि ‘आला’ या दोघांच्याही पोटात तोच ‘गम्’ आहे. त्याने थोडा विचार केला, मागे वळून आजींच्या दुकानाकडे पाहिले आणि म्हणाला, “म्हणजे येतो म्हटलं तरी आल्यावर गम् हाईच.” मग दुसऱ्या एकाने ‘होणे’चे ‘होला’ का नाही ते काढले, आणि गायमुखापर्यंत ‘झाला’वर वाद चालला.